पुढचं रान कुणाचं

आमच्याकडे एक खोली रिकामी होती. जिन्याखालची, खिडकी नसलेली, पण दार होतं, कडी होती, दिवा होता. हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं ऐकताना तुम्हाला वाटेल की बाईचा नाइलाज होता. नाइलाज वगैरे काही नव्हता.

आमचं गाव हिंजवडीच्या पलीकडं, नेऱ्याकडं जाताना लागतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मागच्या दारात उभं राहिलं की डोंगराच्या पायापर्यंत भाताची खाचरं दिसायची. आता मागचं दार उघडतच नाही, कारण तिथं आमच्याच खोल्यांचा जिना आला. चौदा खोल्या आहेत. कंपन्यांत जाणारी पोरंपोरी, दोन-तीन संसार, एक बिहारचा फरशीवाला. भाडेकरू बघणं माझ्याकडं. पाण्याची मोटर मी लावते, जिन्यात कुणी चपला पसरल्या की मीच ओरडते. तोंडाळ आहे मी. सगळे म्हणतात, आणि खोटं नाही ते.

ज्या जागेवरून हे सगळं झालं ती आमची ओढ्याकडची खाचरं. सासरे गेले आणि दोन वर्षांत आमच्या ह्यांनी ती बिल्डरला दिली. तिथं सहा इमारती उभ्या राहिल्या. पुढचा एक तुकडा नियमाप्रमाणे ग्रामपंचायतीला सोडावा लागला, त्यावर बाग झाली. गोल फिरायची वाट, चार बाकं, घसरगुंडी, आणि कोपऱ्यात आमच्या बांधावरचा उंबर. उंबराला कुऱ्हाड लावायला एकही कामगार तयार होईना, म्हणून तेवढा राहिला. दाराशी पाटी लावली, 'सार्वजनिक उद्यान'. आमच्या ह्यांनी पाटीजवळ उभं राहून फोटो काढून घेतला.

मामंजी होते तेव्हा या खाचरांत दर साली मेंढरं बसायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली, भात झोडपून घरात आला, की फलटण-बारामतीच्या अंगानं धनगरांची बिऱ्हाडं यायची. रिकाम्या रानात जाळी लावून रात्रभर मेंढरं कोंडायची. लेंडी आणि मूत जमिनीत जिरलं की दुसरं खत नको. त्यामुळं मेंढरवाल्याला शेतकरी हातापाया पडून बोलवायचे. आमच्या रानात यायला निघालेलं बिऱ्हाड एका साली चुलत सासऱ्यांनी मधेच वळवून आपल्या रानात नेलं, तर मामंजी दोन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हते. भावाच्या लेकीच्या लग्नाला गेले नाहीत! मेंढरांपायी!

त्याचे कायदे होते. बिऱ्हाड उठायच्या दिवशी घरच्या बाईनं धनगराच्या हातात नारळ द्यायचा. नारळ दिला म्हणजे पुढच्या साली या, रान तुमचं आहे. एकदा रानात बसवलं की दुसऱ्या कुणी उठवायचं नाही, ज्या घरानं बसवलं त्यानंच उठवायचं. आणि नुसतं 'जा' म्हणून भागत नसे. इथून उठल्यावर पुढं कुणाच्या रानात बसायचं तेही आधीच्या घरानंच ठरवून द्यायचं. मामंजी चार दिवस आधी निरोप धाडून ठेवायचे, मग स्वतः बांधापर्यंत चालत जाऊन काठीनं दाखवायचे, की आता अमक्याचं रान, तिकडं सांगून ठेवलंय. मेंढरं, घोडं, कोंबड्या, तान्ही पोरं, सगळं त्या काठीच्या दिशेनं चालू लागायचं.

मामंजी शेवटच्या आजारात होते तेव्हा बिऱ्हाडाला नारळ मीच दिला. सासूबाई कधीच गेल्या होत्या, घरची बाई मीच. म्हातारा धनगर, त्याची बायको, लेक, सून आणि दोनशेच्या आसपास मेंढरं. त्यानं नारळ कपाळाला लावला आणि घोंगड्यात गुंडाळला. पुढं मामंजी गेले, रान गेलं. सगळ्यांना कळवलं. तलाठ्यापासून देवळातल्या गुरवापर्यंत. मेंढरवाल्यांना कळवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कळवणार तरी कुठं म्हणा!

पाच-सहा वर्षं ते आलेच नाहीत. मग गेल्या दिवाळीनंतर तो आला, एकटाच. सकाळची वेळ होती, मी ओट्यावर तांदूळ पाखडत होते. अंगणात काठी आपटल्याचा आवाज आला. मी म्हटलं कुणीतरी मागायला आलंय, आणि वर न बघताच 'पुढं जा' म्हणाले.

"सूनबाई, वळकलं न्हाई व्हय?" तो म्हणाला.

तेव्हा ओळखलं. घोंगडं तेच होतं. मी पाणी दिलं, चहा टाकला. त्यानं विचारलं, "थोरलं कुटं हायेत?" मी म्हटलं, गेले. तो म्हणाला, "व्हय का," आणि चहाची बशी खाली ठेवली. मग आपलंही सांगितलं. बायको गेली. मेंढरांत रोग आला, निम्मी मेली, उरलेली लेकानं विकून टाकली. लेक आता चाकणकडं एका कारखान्याच्या दारावर बसतो. त्याच्या खोलीत त्याचीच चार माणसं आडवी होतात, पाचवं मावत नाही. हे सगळं तो दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं बोलत होता.

"रान बी गेलं, बाबा," मी म्हटलं.

"दिसलं मला. उंबर हाय की अजून."

आणि तो उठला, बागेत गेला, उंबराखाली घोंगडं अंथरून बसला. मला वाटलं एक दिवस बसेल, जुन्या आठवणी काढेल आणि जाईल आपल्या वाटेनं. मी भाकरी आणि ठेचा नेऊन दिला.

तो गेला नाही. महिना झाला, तरी तिथंच. दिवसा कुठंकुठं हिंडायचा, संध्याकाळी उंबराखाली यायचा. सकाळी नळावर तोंड धुवायचा आणि कुणी न सांगता फिरायच्या वाटेवरचा पाला झाडून काढायचा. पहिले आठ-दहा दिवस मी भाकरी दिली. मग आमचे हे म्हणाले, "सवय लागंल. आज एक हाय, उद्या धा येतील." मी भाकरी द्यायची थांबवली. ह्यांनी जबरदस्ती केली असं नाही. मला रोज आठवणीनं तेवढी एक भाकरी जास्त थापायचा कंटाळा आला होता, आणि त्यांनी कारण दिलं ते मी घेतलं. जिन्याखालच्या खोलीचं तर आम्ही दोघांपैकी कुणी नावच काढलं नाही.

मग त्या सहा इमारतींच्या सोसायटीचा अर्ज आला, म्हाताऱ्याला बागेतून उठवा म्हणून. ह्यांना पंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं, आणि आता गावापेक्षा सोसायटीत माणूस जास्त. ह्यांनी मला पंचायतीच्या बैठकीला सोबत नेलं. बायकांच्या प्रश्नावर बाई बोललेली बरी दिसते म्हणाले. दुपारची वेळ, पंखा बंद, खुर्च्या कमी, म्हणून आम्ही गावच्या बायका भिंतीला टेकून उभ्या.

सोसायटीकडून एक तरुण बाई बोलली. मी तिच्यावर चिडायच्या तयारीनंच गेले होते. तिकडची माणसं बोलायला लागली की अर्धं इंग्रजी आणि तोंडावर अशी काही दया असते की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण ती साधं बोलली. म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही. त्या आजोबांनी आम्हाला कसलाच त्रास दिलेला नाही. पण ते रात्री मध्येच उठून काठी घेऊन सगळ्या कुंपणाला चक्कर मारतात. आमचा वॉचमन घाबरतो. मी सेकंड शिफ्ट करून येते, मला गेटपाशी एकटीला उतरावं लागतं. आणि माझी मुलगी रोज विचारते, आजोबांचं घर कुठाय? मी तिला काय सांगू? तुम्ही सांगा."

चक्कर तो का मारतो ते मला ठाऊक होतं. आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस, लांडग्याच्या भीतीनं दर दोन तासांनी उठून जाळीभोवती फिरणारच. हे मी तिथं बोलू शकले असते. जीभ काही झडली नव्हती माझी.

त्यांच्यातलेच एक निवृत्त मास्तर उठले. म्हणाले, "पाटीवर आपणच सार्वजनिक लिहिलंय. दुपारी बाकावर मीही डुलकी काढतो, मला कुणी उठवत नाही. मग झोपणं वाईट की घर नसणं वाईट, तेवढं एकदा ठरवा." दोघा-तिघांनी माना हलवल्या. मग कुणीतरी म्हणालं, मास्तर, तुमच्या गॅलरीत झोपवा की. हशा पिकला. मास्तर खाली बसले, पण त्यांनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही, तेही मी बघितलं.

ठराव झाला. दहानंतर बाग बंद, मुक्कामाला मनाई. फाटकाला कुलूप आलं, नवी पाटी आली. बाकांच्या मधोमध लोखंडी दांडा बसवला, आडवं होता येऊ नये म्हणून. तो बाकावर झोपतच नव्हता. त्या दांड्यांचं काय लोणचं घालायचं? पण बसवले.

तरी तो हलेना. वॉचमननं सांगून बघितलं, पोलीस पाटलांनी सांगून बघितलं. भांडला नाही, आरडाओरडा केला नाही. प्रत्येकाला एकच म्हणाला. पोलीस पाटलांनी ते पंचायतीच्या पुढच्या बैठकीत तसंच्या तसं सांगितलं, मीही तिथं होते.

"म्हातारा म्हनतुया, मला बोलावणं थोरल्या घराचं हाय. त्या घरच्या बाईनं हातात नारळ दिलाय. तिनं न्हाई म्हनावं, मी आत्ता उटतो."

सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. कुणी हसलं. आमच्या ह्यांचा चेहरा लाल झाला. बाहेर आल्यावर गाडीला किक मारत म्हणाले, "ऐकलंस न्हवं? आता तूच निस्तर."

मला त्या वेळी राग यायला हवा होता. नाहीतर रडू तरी. काहीच आलं नाही. डोक्यात एवढंच होतं की डाळ भिजत घालायची राहिली. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. तेव्हापासून ते तसंच आहे थोडंफार.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी गेले. ह्यांनी गाडी फाटकाशी लावली आणि तिथंच बसून राहिले. ती सोसायटीतली बाई वर गॅलरीत कपडे वाळत घालत होती, एकच टॉवेल तिनं किती वेळा झटकला! म्हातारा उंबराखाली लोकरीचा दोरा वळत बसला होता. कुठून आणली होती लोकर कोण जाणे.

"ये सूनबाई," तो म्हणाला. सरकून घोंगड्यावर जागा केली. मी बसले नाही.

"बाबा, आता हितं न्हाई जमायचं."

त्यानं दोरा वळायचा थांबवला. "तू म्हनतीस?"

"मी म्हनते."

"लोकांनी म्हनायला लावलं, का तू म्हनतीस?"

इथं मला सुटता आलं असतं. लोकांनी लावलं असं म्हटलं असतं तर तो उठला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. फाटकाकडून हॉर्न वाजला, बारीकसा.

"मीच म्हनते, बाबा."

"बरं," तो म्हणाला.

आणि उठला. एवढंच. इतके दिवस सगळ्या गावाला न हललेला माणूस घोंगडं झटकून खांद्यावर टाकून उभा राहिला. बसल्या जागेचा पाला त्यानं पायानं सारखा केला. मग माझ्या हाताकडं बघितलं. हात रिकामे होते. नारळ नव्हता, हे त्याला दिसलं, आणि त्यानं लगेच दुसरीकडं बघितलं. मी पदराआड हात घेतले.

मला वाटलं आता जाईल. तो उभाच.

"सांग की," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"फुडचं रान कुनाचं?"

खरं सांगते, मी हे विसरले होते. आयुष्यभर डोळ्यांनी बघितलेली गोष्ट. मामंजी काठी वर करून दाखवायचे, तसं मी आपोआप ओढ्याच्या दिशेनं बघितलं. पलीकडं चुलत सासऱ्यांचं रान, तिथं आता शाळेच्या बसगाड्या लागतात. त्याच्या पुढचं गोदामाला दिलेलं. त्याच्या पुढं पत्रे ठोकलेत आणि आत क्रेन. महाळुंग्याच्या बाजूला तर बघायलाच नको. एकेक घर मनात घेत गेले, ज्यांच्या ओट्यावर बसून हळदीकुंकवाचं वाण लुटलंय अशी घरं, आणि एकाचंही नाव घेता येईना. तो शांतपणे थांबला होता. त्याला खात्री होती की मी सांगणार. परत हॉर्न वाजला.

"मुठ्याला जा," माझ्या तोंडून गेलं. "धाकट्या वन्संकडं."

माझी धाकटी नणंद मुठा खोऱ्यात दिली आहे. तिची जमीन पुण्याच्या लोकांनी शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी घेतली, चारी बाजूंनी तारेचं कुंपण, आता ती आणि तिचा नवरा त्याच बंगल्यांची राखण करतात. सगळं मला ठाऊक होतं. तरी मी ते नाव घेतलं, कारण ते लांब होतं.

त्याचा चेहरा उजळला. "व्हय व्हय! त्यांच्या रानात बसलोय आमी मागं. लई चांगली मानसं." मग विचारलं, "निरोप धाडलायस न्हवं?"

"धाडते," मी म्हणाले.

तो फाटकातून निघाला. ह्यांच्या गाडीजवळून जाताना त्यानं ह्यांना राम राम घातला, ह्यांनीही घातला. दोन दिवसांची चाल, त्या वयात. सोबत द्यायला भाकरी बांधायचं माझ्या मनातही आलं नाही. घरी आले, डाळ शिजवली, मोटर लावली. वन्संना निरोप धाडला नाही. काय सांगणार होते? की मी तुमच्याकडं एक माणूस पाठवलाय, जो माझ्या घराच्या शब्दावर चालत येतोय?

गावात माझं कौतुक झालं. बाईनं एका शब्दात काम केलं म्हणे! सोसायटीतली ती बाई येऊन हळूच म्हणाली, "थँक्यू काकू." जरा थांबून तिनं विचारलं, "ते गेले कुठं?" मी म्हटलं, "पाहुण्यांकडं." तिला बरं वाटलेलं मी बघितलं. मुलीला सांगायला उत्तर मिळालं.

चौथ्या दिवशी सकाळी वन्संचा फोन आला. मी किल्ल्यांच्या भिंतीपाशी भाड्याचा हिशेब करत होते.

"वैनी, तुमी कुना म्हाताऱ्याला धाडलंय व्हय हिकडं? कालपासनं कुंपनाच्या भायेर बसलाय. म्हनतोय, थोरल्या घरच्या बाईनं सांगितलंय, हितंच रान हाय. अवो, शनवारी मालक यायचं हायेत, त्यांनी बघितलं तर आमचीच उचलबांगडी हितनं! ह्यांनी दोनदा सांगितलं. मला तर म्हनवतच न्हाई. आमच्या रानात ल्हानपणी पोरांला दूध दिलंय वो त्यानं. तुमीच धाडलंय, तुमीच न्हाई म्हना. फोन देते त्याच्याकडं."

मी नको म्हणायच्या आत फोन त्याच्या हातात गेला होता. वाऱ्याचा आवाज येत होता.

"बाबा," मी म्हणाले.

"बोल सूनबाई."

"माझं चुकलं. तितं रान न्हाई."

"व्हय. बघितलं म्यां. तारा हायेत." आवाजात राग नव्हता. "निरोप पोचला नसंल, आसं वाटलं मला. म्हनून बसून ऱ्हायलो."

समोर भिंतीवर किल्ल्यांचे खिळे होते. तेरा खिळे रिकामे, किल्ल्या भाडेकरूंकडं, आणि चौदाव्यावर जिन्याखालच्या खोलीची लटकत होती. 'परत या' एवढे दोनच शब्द लागले असते. ते माझ्या तोंडात आलेसुद्धा होते. मग ह्यांचं तोंड दिसलं, बैठक दिसली, आणि खरं सांगायचं तर हेही दिसलं की म्हातारा आजारी पडेल, त्याचं करावं लागेल, रोज.

"मंग फुडचं कुनाचं?" त्यानं विचारलं.

"मला ठाव न्हाई, बाबा."

तिकडून काठी टेकून उठल्याचा आवाज आला.

"बरं," तो म्हणाला. "मंग आता मी कुनाच्याच बोलावण्यावर न्हाई. फुडं कुटं बसलो तर मला उटवायला तुला बोलावनार न्हाईत. तू काळजी करू नगं."

त्यानं फोन वन्संकडं दिला. वन्सं म्हणाल्या, निघाला बघा, धरणाच्या रस्त्यानं. मग इकडचं तिकडचं बोलल्या, भाच्याच्या परीक्षेचं, मीही बोलले.

उंबराखालचा पाला आता पंचायतीचा माणूस आठवड्यातून एकदा काढतो. ह्यांनी निवडणूक जिंकली. जिन्याखालची खोली अजून तशीच आहे. माणसं विचारायला येतात, जागेची फार टंचाई आहे आमच्याकडं. मी त्यांना सांगते, दिलीय ती, माणूस यायचाय.